सोळाव्या लुईच्या नावावरचं फर्निचर

सरळ, खाली निमुळते होत गेलेले, उभ्या खाचांचे पाय असलेली फ्रेंच खुर्ची दिसली की ती सोळाव्या लुईच्या कारकिर्दीतलीच, असं सर्रास सांगतात. शैलीलाच त्याचं नाव चिकटलंय. पण तो गादीवर आला १७७४ मध्ये! ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ ला, पॉम्पेचं १७४८ ला सुरू झालं आणि प्राचीन नक्षीचं वेड युरोपभर पसरलं. पॅरिसचे संग्राहक लालिव्ह द ज्युली यांनी १७५६-५७ च्या सुमारासच चित्रकार ल लोरँ यांच्याकडून या वळणाचं लेखनमेज आखून घेतलं: काळं आबनुसी (एबनी) लाकूड, त्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझचे जाड हार. काहीसं बोजड, पण विलक्षण धीट काम. तेव्हा राज्य पंधराव्या लुईचं होतं. श्रेय द्यायचं तर अशा हौशी संग्राहकांना आणि कारागिरांना द्यावं. हे मेज आज फ्रान्समधल्या शांतियीच्या काँदे संग्रहालयात आहे.