सिंटॅक्स एरर आणि व्याकरणाची चूक

तालुक्याच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला प्रोग्राम अडतो. गडचिरोलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत गोंडी बोलणारं पोर मराठीत 'खडू तुटली' म्हणतं. शिकवणारे दोन्हीकडे एकच सांगतात, व्याकरण चुकलं. पण या दोन चुकांची जात वेगळी आणि इलाजही वेगळा. एकीचा इलाज दुसरीवर केला की पोर बोलायचंच बंद होतं.

आधी यंत्राचं पाहू. पायथन फाइल चालवायला घेण्याआधी अख्खी वाचतो. टोकनायझर अक्षरांचे तुकडे पाडतो: नाव, आकडा, चिन्ह, कंस, ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागासुद्धा. मग पार्सर ते तुकडे नियमांत बसवून त्यांचं झाड उभं करतो. एक तुकडा बसला नाही तर झाडच उभं राहत नाही, हीच सिंटॅक्स एरर. म्हणून शंभराव्या ओळीत 'इफ'पुढचा कोलन राहिला, तर पहिल्या ओळीतला प्रिंटही होत नाही. 'भाव'ऐवजी 'भव' लिहिलं तर पार्सरला त्यात वावगं काही दिसत नाही. प्रोग्राम त्या ओळीपर्यंत चालतो आणि तिथे नेम-एरर देतो, म्हणजे हे नाव माहीत नाही असं सांगतो. त्यामुळे अडलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की स्क्रीनवर काही छापलं का? छापलं असेल तर त्या फाइलमध्ये सिंटॅक्स एरर शोधत बसू नये.

हे नियम कोणीतरी बसून लिहिलेले असतात आणि त्यांच्याबाहेर ती भाषाच नसते. अल्गोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या १९६०च्या अहवालापासून ते बॅकस-नाउर नावाच्या पद्धतीने मांडायची रीत रूढ झाली. तिला पाणिनीचं नाव जोडावं, अशी सूचना १९६७ मध्ये संगणक क्षेत्रातल्या इंगरमन यांनी केली होती. ती टिकली नाही, हे आपलं दुर्दैव.

एरर जिथे दाखवली तिथेच असते असं नाही. बाराव्या ओळीत कंस उघडा राहिला की पायथन तेरावी ओळही त्याच कंसात धरतो, म्हणून जुन्या आवृत्त्या तेराव्या ओळीवर बोट ठेवत. ३.१० पासून उघडा राहिलेला कंसच दाखवला जातो. तरी सवय असू द्या: दाखवलेली ओळ ठीक दिसली तर एक ओळ वर पाहा. सी भाषेत एक अर्धविराम राहिला की खाली खोट्या चुकांची रांग लागू शकते. पहिली तेवढी दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायचा, बाकीच्या बहुतेक आपोआप जातात.

पायथन ३ मध्ये चलांची नावं मराठीत ठेवता येतात. भाव, क्विंटल, कापूस सगळं चालतं. फसगत दोन ठिकाणी होते. इथे छापलेत तसे देवनागरी अंक कोडमध्ये लिहिले, म्हणजे 'भाव = ७०००' असं, तर सिंटॅक्स एरर येते; तिथे इंग्रजी अंकच लागतात. दुसरी जागा 'ऱ्या'ची. काही कीबोर्ड हे अक्षर काढताना 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतात. 'शेतकऱ्याचा' हे नाव डोळ्यांना बरोबर दिसतं आणि पार्सर त्यावर अडतो. सरळ नाव बदलावं.

आता 'खडू तुटली'. ऐकणाऱ्याला काहीच अडत नाही, तो दुसरा खडू आणून देतो. पण हे बेशिस्तीचं लक्षण नव्हे. गोंडीत एकवचनात पुरुष एका गटात, आणि बायका, जनावरं, वस्तू दुसऱ्या गटात. मेळघाटातल्या कोरकू भाषेची वाटणी सजीव-निर्जीव अशी. मराठीत मात्र पाटी ती, खडू तो, दप्तर ते, आणि त्याला कारण विचारायची सोय नाही. 'पाटी फुटली, खडू तुटली, दप्तर पडली' असं तिन्ही वेळा आलं, तर त्या पोराने स्वतःचा एक नियम बांधलाय. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हाच फरक मांडला: जीभ घसरून झालेली चूक वेगळी, आणि शिकणाऱ्याच्या त्या वेळच्या नियमातून आलेली चूक वेगळी. १९७२ मध्ये सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञांनी अशा अधल्यामधल्या भाषेला आंतरभाषा म्हटलं.

इलाजही त्यावरूनच ठरतो. इथे पहिली चूक धरायची नसते. पुन्हा पुन्हा येणारी, किंवा अर्थ बिघडवणारी, एकच निवडायची. वाक्य तोडू नये. 'अस्सं, खडू तुटला? कसा तुटला?' असं बरोबर रूप जोर देऊन परत म्हणावं. नुसतं पुटपुटलं तर मुलाला वाटतं आपलंच वाक्य परत आलं. नाम शिकवताना एकटं 'खडू' शिकवू नये, 'तो खडू' असं जोडीने शिकवावं.

आणि वऱ्हाडी पोराचं 'मले समजते' या यादीत धरूच नये. ते दुसऱ्या, पूर्ण व्याकरणाचं शुद्ध वाक्य आहे. कंसाशिवायचा प्रिंट पायथन २ मध्ये बरोबर होता आणि ३ मध्ये एरर ठरतो, त्यातलाच प्रकार. प्रमाण मराठी कुठे लिहायची तेवढं सांगावं.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडचं काम सारखं आहे: कोणता शब्द कोणाशी जोडायचा. यंत्रात ते आधीच ठरलेलं असतं. २ + ३ * ४ म्हणजे १४, कारण गुणाकार (*) आधी होतो. २० हवे असतील तर कंस घाला. मराठीत कंसाचं काम सामान्यरूप करतं. 'जुना कापसाचा भाव' म्हणजे भाव जुना, 'जुन्या कापसाचा भाव' म्हणजे कापूस जुना. पण विशेषण न बदलणारं असलं की ही सोय जाते. 'लाल बैलाची झूल' यात लाल कोण, हे वाक्य सांगत नाही; पोळ्याच्या दिवशी समोर उभा असलेला बैल सांगतो. पार्सरला बैल दिसत नाही, म्हणून त्याच्या भाषेत असं वाक्य होऊच देत नाहीत.

बैल दिसत नसल्याचा तोटा उलट बाजूनेही होतो. गुणाकाराच्या जागी बेरीज करणारं 'रक्कम = क्विंटल + भाव' हे पार्सरला निर्दोष वाटतं. त्याहून वाईट म्हणजे इनपुटने, म्हणजे टाइप करून, घेतलेलं क्विंटल हा आकडा नसतो, मजकूर असतो. १२ टाइप करून त्याला ७००० या भावाने गुणलं, तर पायथन एरर न देता '१२' हा मजकूर सात हजार वेळा लागोपाठ छापतो. म्हणून इनपुट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चालणाऱ्या आकड्यात, घ्यावा. इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, घेतला तर साडेबारा क्विंटलचा १२.५ टाकल्याबरोबर व्हॅल्यू-एरर येते, आणि कापूस क्वचितच पूर्ण क्विंटलात भरतो.