चेतापेशी व स्नायुपेशींचे संवर्धन

प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरातून काढलेल्या चेतापेशी आणि स्नायुपेशी काचेच्या वा प्लास्टिकच्या भांड्यात, पोषक द्रवात जिवंत ठेवण्याची व जमल्यास वाढवण्याची पद्धत. ‘जमल्यास’ म्हणायचे कारण असे की स्नायूच्या पूर्वपेशी भांड्यात भराभर वाढतात, पण पक्व चेतापेशीचे विभाजन होत नाही; ती फक्त जगवता येते. प्रयोगशाळेत या कामाला सगळेच ‘सेल कल्चर’ किंवा नुसते ‘कल्चर’ म्हणतात.

विदर्भातल्या खेड्यात ‘टिश्यू कल्चर’ म्हटले की केळीची रोपे आठवतात. दोन्हींचे नाव जवळचे असले तरी फळ निराळे. केळीच्या कोंबातल्या इवल्या तुकड्यापासून अख्खे झाड उभे राहते. स्नायूच्या तुकड्यापासून प्राणी उभा राहत नाही. भांड्यात पेशीच राहतात, आणि संशोधकाला तेवढेच हवे असते.

या तंत्राची सुरुवातच चेतापेशीपासून झाली. चेतासंस्था म्हणजे एकमेकांत मिसळलेले सलग जाळे, असे इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी मानत. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असे स्पेनचे काहाल म्हणत. 1906 चे नोबेल दोघांना विभागून मिळाले आणि भांडण तसेच राहिले. 1907 मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेता-ऊतीचा तुकडा लसिकेच्या (लिंफच्या) लटकत्या थेंबात ठेवला. लसिका गोठली आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतून तंतू फुटून पुढे सरकताना दिसू लागला. काहाल यांच्या बाजूने याहून सरळ पुरावा मिळणे अवघड होते.

पुढचा मोठा टप्पा कोंबडीच्या अंड्याने गाठला. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन ज्यू शास्त्रज्ञ. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांचे विद्यापीठातले काम सुटले. त्यांनी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि युद्धकाळात शेतकऱ्यांकडून अंडी मिळवून भ्रूणांवर काम केले. नंतर अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांनी चेतावृद्धी घटक शोधला, त्याबद्दल दोघांना 1986 चे नोबेल मिळाले. गंमत अशी की हा घटक आधी उंदराच्या कर्करोगाच्या गाठीत सापडला होता. तो शुद्ध करण्यासाठी कोहेन यांनी सापाचे विष वापरले, तर त्या विषातच तो गाठीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाला.

हे काम शिकायला अंड्यासारखे साधन नाही, पण दुकानातले अंडे चालत नाही. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी कोंबड्याशिवायची असतात, त्यात भ्रूण नसतो. गावरानी अंडे हवे, म्हणजे खुडूक कोंबडीखाली ठेवले तर पिलू निघेल असे. अंधारात अंड्याखाली टॉर्च धरली की चौथ्या-पाचव्या दिवशी लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसते. ते नसेल तर अंडे बाजूला. घरोघरच्या बायका हेच उन्हाकडे किंवा दिव्याकडे धरून पाहतात. आठव्या दिवसाच्या भ्रूणातून पाठीच्या कण्याशेजारच्या चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, बारीक चिमट्याने उचलतात. एकेक गुच्छिका मोहरीहून लहान. ती चेतावृद्धी घटक असलेल्या द्रवात ठेवली की साधारण एका दिवसात चहूबाजूंनी तंतू फुटतात आणि देवाच्या मूर्तीमागे असते तशी प्रभावळ तयार होते. घटक नसेल तर प्रभावळ नाही. पहिल्यांदा पाहणारा माणूस यंत्रावरून डोळा काढत नाही.

स्नायूसाठी अकरा-बारा दिवसांच्या भ्रूणाच्या छातीचे मांस घेतात. ते बारीक करून ट्रिप्सिन नावाच्या विकराने (एन्झाइमने) सुटे करतात. या मिश्रणात संयोजी ऊतीच्या पेशीही येतात आणि त्या तणासारख्या माजतात. युक्ती सोपी आहे. मिश्रण आधी साध्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ठेवायचे. तणपेशी लवकर चिकटतात, स्नायूच्या पूर्वपेशी अजून तरंगत असतात. वरचा द्रव ओतून घेतला की निंदण झाले. मग त्या कोलॅजन किंवा जिलेटिनचा लेप दिलेल्या भांड्यात सोडतात.

या पूर्वपेशी चरख्याच्या चातीसारख्या, दोन्हीकडे निमुळत्या दिसतात. भरपूर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) दिले तर वाढत राहतात. सीरम कमी केले, म्हणजे थोडी उपासमार केली, की वाढ थांबवून एका रांगेत येतात, एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांची लांब नळी बनते. यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पेशीमाला (भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेली पेशींची जात, ‘सेल लाइन’) म्हणजे उंदराची सी2सी12. तिचे मूळ इस्रायलमधले, डेव्हिड याफे व ओरा साक्सेल यांच्या 1977 च्या कामातले. तिला वाढताना 10 टक्के गर्भवासराचे सीरम आणि नळ्या बनवायच्या वेळी 2 टक्के घोड्याचे सीरम देतात. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. भांडे गच्च भरेपर्यंत वाट पाहतो, आणि मिसळणाऱ्या पेशी हळूहळू हातच्या जातात. उरतात त्या फक्त वाढणाऱ्या. सत्तर टक्के जागा भरली की पुढच्या भांड्यात हलवायचे, हा नियम मोडू नये. सगळे जमले तर आठवड्याभरात नळ्यांवर आडव्या रेषा उमटतात आणि काही नळ्या आपोआप फडफडतात.

मेंदूच्या पेशी नाजूक. उंदराच्या अठरा दिवसांच्या भ्रूणातून काढून पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या काचेवर ठेवतात. लेप नसेल तर त्या धरच धरत नाहीत. सीरम दिले तर आधारपेशी माजतात, म्हणून सीरमविरहित माध्यम वापरतात, आणि बदलताना पूर्ण न काढता निम्मेच काढतात. जोडण्या तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एवढा धीर नसलेल्यांनी गाठींपासून बनवलेल्या पेशीमाला वापराव्यात, आणि बहुतेक वापरतातच : उंदराच्या अधिवृक्क गाठीची पीसी12 (1976) किंवा माणसाची एसएच-एसवाय5वाय. त्या वाढतात भरपूर, पण कर्करोगाच्या पेशी आहेत हे विसरून काढलेले निष्कर्ष पुष्कळ आहेत. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या व 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशी मूळपेशींसारख्या करून दाखवल्यापासून, रुग्णाच्या त्वचेच्या तुकड्यातून त्याच्याच चेतापेशी बनवता येतात. खर्च मात्र मोठा.

चेतापेशी आणि स्नायुनळ्या एकाच भांड्यात ठेवल्या तर त्यांची सांगड बसते. जेराल्ड फिशबाख यांनी 1972 मध्ये कोंबडीच्या सुट्या पेशींवर हे दाखवले. विदर्भाच्या शेतशिवारातली दुखणी चेता आणि स्नायूच्या याच सांध्यावर येऊन ठेपतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या औषधांतला ऑर्गॅनोफॉस्फेट हा गट अॅसिटिलकोलिन (चेतेचा निरोप स्नायूला देणारे द्रव्य) मोडणारे विकर बंद पाडतो. चेतेचा निरोप संपतच नाही. स्नायू आधी फुरफुरतो, मग थकून लुळा पडतो. काहींना एक ते चार दिवसांनी मान उचलता येत नाही आणि श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. आपण बरे झालो असे वाटून घरी जाणाऱ्यांसाठी हा काळ सर्वांत वाईट.

भांड्यात हे औषध टाकून पाहणे सोपे वाटते, पण तिथे एक फसगत आहे. याच गटातले क्लोरपायरिफॉस पेशींवर थेट टाकले तर त्या विकरावर फारसा परिणाम दिसत नाही, कारण त्याचे खरे विष शरीरात, मुख्यतः यकृतात तयार होते आणि भांड्यात यकृत नसते. त्याच गटातल्या मोनोक्रोटोफॉसला अशी पायरी लागत नाही. एकाच तक्त्यात दोन्ही औषधे ठेवून क्लोरपायरिफॉस सौम्य ठरवणारा निष्कर्ष म्हणूनच खोटा असतो.

मण्यारीचे विषही याच सांध्यावर घाव घालते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखत नाही, पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होतात. तिच्या विषातले काही घटक चेतेच्या टोकालाच इजा करतात. टोके पुन्हा फुटायला दिवस लागतात, म्हणून विषावरची लस दिल्यावरही कृत्रिम श्वास लागतो. नागाच्या विषाचे काम मुख्यतः स्नायूच्या बाजूला चालते, आणि निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग तिथे अधिक होतो. मण्यारींच्या गोत्रातल्या विषाचाच एक घटक, अल्फा-बंगारोटॉक्सिन, भांड्यातल्या स्नायूवरची ग्राही (निरोप घेणारी) ठिकाणे दाखवणारी खूण म्हणून जगभर वापरतात. मारणारी वस्तू प्रयोगशाळेत दिवटीचे काम करते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या ओलीवर येणारी लाखोळी ही डाळ या यादीत थोडी वेगळी बसते. ती मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय कायमचे ताठरतात. 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातले ओडीएपी हे द्रव्य ओळखले. ते ग्लुटामेट या चेतापेशींतल्या निरोप्या द्रव्याच्या ग्राहींना चिकटून चेतापेशीला अति उत्तेजित करते. संवर्धित पेशींवर हे दिसते. सांध्याच्या अलीकडे, मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या वाटेवरच घाव बसतो. पण पायांच्याच वाटा का, हे भांडे सांगू शकत नाही.

आता अडचणी. कल्चरला 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. इन्क्युबेटर गरम करतो, थंड करत नाही. खोली त्याच्यापेक्षा चार-पाच अंश थंड असावी लागते. मे महिन्यात वर्धा, अकोला, चंद्रपूरला पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा हे गणित उलटे होते. एसी नसेल तर पेशी उकडतात. कूलर लावून भागत नाही. ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा आत ढकलणारे ते यंत्र बुरशीचे बीजाणू थेट हूडपर्यंत, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापर्यंत, पोहोचवते. ‘लाईन गेली’ की दुसरी कसोटी. सकाळी दार उघडल्यावर आधी भांड्यातल्या द्रवाचा रंग बघायचा : नारिंगी-लाल असेल तर ठीक, जांभळट गुलाबी म्हणजे कार्बन डायऑक्साइड संपला, पिवळा आणि गढूळ म्हणजे जिवाणू शिरले, भांडे ब्लीचमध्ये टाकून हात धुवावेत.

पेशीमाला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. राखून ठेवायच्या तर 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारा द्रव) मिसळून, तापमान हळूहळू उतरवत उणे 196 अंशांच्या द्रवनायट्रोजनमध्ये. ही वस्तू खेड्याला नवी नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींसाठीच्या रेतनाच्या कांड्या त्याच द्रवात, त्याच जातीच्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरमध्ये असतात, झाकण उघडले की पांढरी वाफ पसरते. द्रव रोज थोडा उडतो. काठी आत घालून किती उरला ते पाहायचे, काठीवर जिथवर दव गोठले तिथवर द्रव. हे मोजायला कृत्रिम रेतन करणाऱ्याला जितका वेळ लागतो, तितकाच कल्चर करणाऱ्यालाही.