क्रॅपीसाठी अनेक रॉडची मांडणी आणि घरी बनवता येणारे रॉड-होल्डर
(आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

डॅलसच्या आसपासच्या जलाशयांवर क्रॅपी हा गोड्या पाण्यातील मासा पकडण्यासाठी जाणारे आमचे बरेच ग्राहक कोकणात किंवा गावच्या नदीवर हातात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) धरून गळ टाकायला शिकलेले आहेत. तो हात, ती सवय येथेही उपयोगी पडते. मात्र बोटीच्या टोकावर सहा-आठ लांब रॉड पंख्यासारखे पसरून संथपणे पुढे सरकणारे मासेमार येथे पाहिले, की हे आपल्यालाही जमेल का आणि त्यासाठी महागडे होल्डर घ्यावेच लागतील का, असे दोन प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. दोन्हींची सविस्तर उत्तरे येथे देत आहोत. दुसऱ्याचे थोडक्यात उत्तर असे, की होल्डर घरी उत्तम बनतो, परंतु त्याचे माप आणि आकार यांत हयगय केली, तर कितीही रॉड लावले तरी आलेला मासा हातचा जातो.

एकापेक्षा अधिक रॉड कशासाठी

क्रॅपी हा थव्याने राहणारा मासा आहे आणि थवा पाण्यात बहुधा एका ठरावीक खोलीवर स्थिरावलेला असतो. ती खोली ऋतू, पाण्याचे तापमान आणि गढूळपणा यांप्रमाणे बदलते. एकाच रॉडने ती शोधायची तर सकाळ निघून जाते. म्हणून सुरुवातीला चार रॉड आठ, दहा, बारा आणि चौदा फुटांवर लावावेत आणि ज्या खोलीवर लागोपाठ मासा लागतो, त्या खोलीवर बाकीचे आणावेत. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूस असतात आणि तो आपल्या वरून जाणारे भक्ष्य टिपतो. त्यामुळे फिश-फाइंडरवर (पाण्यातील मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) थवा बारा फुटांवर दिसत असेल, तर आमिष अकरा फुटांवर असलेले बरे. आमिष थव्याच्या खाली गेले, तर ते माशांना बहुधा दिसतच नाही.

ही पद्धत वर्षभर सारखीच चालत नाही. उत्तर टेक्सासमध्ये साधारण मार्च-एप्रिलमध्ये पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेले, की क्रॅपी अंडी घालण्यासाठी काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. तेथे बोट नेल्याने मासे बिथरतात, म्हणून त्या दिवसांत काठावरून किंवा दुरून तरंग (पाण्यावर तरंगणारा बोंडा) लावून एकच रॉड वापरावा, असे आमचे मत आहे. त्याआधीचे काही आठवडे, जेव्हा मासे उथळ पाण्याच्या तोंडाशी जमतात, ते अनेक रॉडसाठी सर्वांत चांगले असतात. पाण्यात उभी झाडे दाट असतील, तेथेही पंख्याची मांडणी टाळावी. एक गळ अडकला की बोट थांबते आणि बाकीच्या तंगुसांचा गुंता होतो.

रॉड, तंगूस आणि शिसे

बोटीवरील सर्व रॉड एकाच लांबीचे असावेत; दहा ते चौदा फुटांमधील कोणतीही लांबी चालते, नवशिक्यांना आम्ही बारा फुटांचा सुचवतो. लांबी वेगवेगळी असली, तर वळताना मागचे आमिष पुढच्याच्या वाटेत येते. तंगूस सहा ते दहा पौंडांचा ताण सहन करणारा पुरतो. अर्धा औंसाचे अंड्याच्या आकाराचे शिसे, त्याच्या खाली बारा ते अठरा इंचांवर एक गळ आणि शिशाच्या वर सुमारे दोन फुटांवर बाजूला काढलेल्या तंगुसाच्या छोट्या फांदीला दुसरा गळ, अशी रचना ठेवल्यास एकाच रॉडवर दोन पातळ्या तपासल्या जातात. आमिष म्हणून जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) ओठातून ओवावा, म्हणजे तो पुढे ओढला जाताना सरळ राहतो.

बोटीचा वेग ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास असावा आणि शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, कारण वारा मागून असला की बोट हातात राहत नाही. वेग बरोबर आहे की नाही हे तंगूस सांगतो. तो रॉडच्या टोकापासून जवळजवळ सरळ खाली गेला पाहिजे. मागे तिरका जाऊ लागला, तर खोलीचे सगळे मोजमाप चुकते. अशा वेळी मोटर हळू करावी, आणि वाऱ्यामुळे ते शक्य नसेल, तर पाऊण औंसाचे शिसे लावावे.

होल्डर: कोणता भार कोठे येतो

बारा फुटांचा रॉड आडवा धरून ठेवणे वाटते तितके सोपे नाही. समजा, रॉडचा तोल जेथे साधतो तो बिंदू होल्डरच्या पुढच्या कडेपासून तीन फूट पुढे आहे आणि होल्डर रॉडच्या मुठीचा एक फूट भाग धरतो. अशा स्थितीत मुठीचे मागचे टोक होल्डरला रॉडच्या वजनाच्या तिप्पट जोराने वर ढकलते. होल्डर सहाच इंच लांब केला, तर हा जोर सहापट होतो. दुकानात आणलेले घरगुती होल्डर मोडलेले असतात ते बहुतेक वेळा येथेच: नळी आखूड असते आणि तिला आवळणारा मागचा पट्टा साध्या स्क्रूने लाकडात बसवलेला असतो. लाटेच्या प्रत्येक धक्क्याने तो स्क्रू थोडा थोडा उपटत जातो.

यासाठी दीड इंची शेड्यूल-४० (भिंतीच्या जाडीचा एक प्रमाणित प्रकार) पीव्हीसी पाइपचा बारा इंचांचा तुकडा घ्यावा. या पाइपचा आतला व्यास सुमारे १.६ इंच असतो आणि कॉर्क किंवा फोमची नेहमीची मूठ त्यात सैलसर बसते. आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पाइप तसाच अखंड ठेवला, तर मासा लागल्यावर रॉड पूर्ण फूटभर पुढे ओढून काढावा लागतो. तेवढ्यात टोक खाली झुकते, तंगूस ढिला पडतो आणि मासा सुटतो. म्हणून मागचे तीन इंच अखंड कडे म्हणून ठेवावेत आणि पुढच्या नऊ इंचांचा वरचा अर्धा भाग कापून काढावा, म्हणजे पुढे उघडा पन्हाळ आणि मागे कडे अशी रचना तयार होते. मूठ पन्हाळात विसावते, मागचे टोक कड्याखाली अडकून राहते, आणि एका हाताने टोक वर उचलत तीन इंच पुढे सरकवले, की रॉड मोकळा होतो. पन्हाळाच्या पुढच्या कडेला तळाशी रिळाच्या पायाच्या रुंदीची, साधारण पाऊण इंच रुंद आणि दीड इंच लांब खाच पाडावी; रिळाचा पाय तिच्यात बसला की रॉड गोल फिरत नाही. कापण्यासाठी साधी हॅक-सॉ पुरते. कापल्यानंतर सर्व कडा कानशीने गोल करून पॉलिश पेपरने घासाव्यात, कारण धारदार कड ओल्या हाताला लागते आणि कॉर्कही खाते. पांढरा पाइप टेक्सासच्या उन्हात काही काळाने ठिसूळ होतो. त्यावर प्लास्टिकला चिकटणाऱ्या स्प्रे-पेंटचे दोन हात द्यावेत. पन्हाळात सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, तर मूठ घसरत नाही आणि खडखडाटही होत नाही.

पाइप तयार झाल्यावर तो बोटीच्या रुंदीच्या दोन-बाय-सहा इंची फळीवर पुढे आणि मागे एकेका पट्ट्याने बसवायचा असतो. पुढचे चार इंच फळीच्या बाहेर राहू द्यावेत, म्हणजे रिळाला खाली जागा मिळते. पाइपच्या मागच्या भागाखाली लाकडाची पाचर ठेवली, की रॉडचे टोक खाली येते. टोक पाण्यापासून एक ते दोन फूट वर राहील, अशा जाडीची पाचर निवडावी. पुढच्या पट्ट्याला स्क्रू चालतो. मागच्या पट्ट्याला मात्र फळीच्या आरपार जाणारे स्टेनलेस बोल्ट, वॉशर आणि नट लावावेत. दोन होल्डरमध्ये दीड फुटाचे अंतर ठेवावे आणि कडेचे होल्डर थोडे बाहेर वळवावेत. संपूर्ण फळी बोटीला दोन मोठ्या सी-क्लॅम्पने आवळली, की बोटीला एकही भोक पाडावे लागत नाही.

पाण्यावर नेण्यापूर्वी फळी घरच्या मजबूत टेबलाला आवळून रॉड बसवावा आणि तंगूस हाताने खाली ओढत रॉड अर्ध्यापर्यंत वाकवून पाहावा. कुठे करकर आवाज आला, तर तो पट्टा बदलावा. मिनोला कधी कधी मोठा कॅटफिश लागतो आणि त्याचा हिसका क्रॅपीच्या कितीतरी पट असतो, म्हणून प्रत्येक रिळापासून फळीपर्यंत एक बारीक दोरी बांधून ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

काठावरून मासेमारी करणाऱ्यांसाठी हाच पाइप उभा वापरता येतो: दोन फुटांची सळई जमिनीत ठोकावी आणि पाइप तिला दोन होज-क्लॅम्पने तिरका आवळावा.

मासा लागल्यावर

क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते. हिसका दिला, तर गळ ती फाडून बाहेर येतो. रॉड शांतपणे वर उचलावा, तंगूस ताठ ठेवावा आणि मासा हवेत न झुलवता लांब दांड्याच्या जाळीत घ्यावा. बोटीवर दोघे असाल, तर एकाने रॉड आणि दुसऱ्याने जाळी सांभाळावी. मोटर मात्र चालू राहू द्यावी, नाहीतर बाकीची आमिषे खाली जाऊन अडकू शकतात.

नियम

टेक्सासमध्ये सर्व रॉड मिळून एका माणसाकडे १०० पेक्षा जास्त गळ नसावेत, त्यामुळे दोन गळांचे आठ रॉड नियमात बसतात. परंतु कम्युनिटी फिशिंग लेकवर (शहरातील किंवा उद्यानातील छोट्या सार्वजनिक तलावावर), तसेच स्टेट पार्कमधील धक्क्यावरून प्रत्येकी दोनच रॉडची परवानगी आहे. क्रॅपीची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला २५ आणि किमान लांबी दहा इंच आहे. लेक फोर्क आणि लेक ओ' द पाइन्स येथे १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबीची अट नसते, उलट पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो. थंडीत तेथील मासे खोल पाण्यातून वर ओढले जातात, दाब एकदम उतरल्याने त्यांच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि परत सोडलेले मासे बहुधा वाचत नाहीत; हा नियम त्यासाठीच आहे आणि तो आम्हाला योग्य वाटतो. २५ झाले, की त्या ठिकाणी क्रॅपीचे गळ पाण्याबाहेर काढावेत. दुसऱ्या राज्यातील नातेवाइकांकडे रॉड घेऊन जाणार असाल, तर तेथील नियम आधी पाहावेत: मिनेसोटात उन्हाळ्यात साधारणपणे एकच तंगूस चालतो, तर कॅलिफोर्नियात दुसऱ्या रॉडसाठी वेगळा परवाना लागतो. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचे नियम दर वर्षी नव्याने प्रसिद्ध होतात, तेव्हा हंगामाआधी ते एकदा वाचावेत. जलाशयातून निघताना बोटीतील सर्व पाणी काढणे बंधनकारक आहे, आणि विकत घेतलेल्या मिनोची पावती जवळ बाळगावी.

बोटीच्या पुढच्या भागाची रुंदी, काठाची जाडी आणि आपल्या रिळाच्या पायाचे माप लिहून आणल्यास आम्ही पाइप आणि फळी दुकानातच कापून देतो. कापण्याचे वेगळे पैसे घेत नाही. शक्य असेल, तर रॉडही सोबत आणावा. मूठ कड्यात बसवून पाहिल्याशिवाय आम्ही पन्हाळ कापत नाही.