मूळ (चौथीच्या परिसर अध्ययनातील घटक)

मूळ म्हणजे झाडाला जमिनीत धरून ठेवणारा आणि पाणी व क्षार शोषणारा भाग. त्याला पेरे नसतात, पाने फुटत नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांत कर्नाटक राज्याचा अभ्यासक्रम चालतो. त्यात विज्ञान हा वेगळा विषय सहावीपासून येतो. चौथीत मूळ शिकायचे ते परिसर अध्ययनात.

मुळांचे मुख्य प्रकार दोन. तूर, मेथी, भेंडी, आंबा यांचे सोटमूळ : एक जाड मूळ सरळ खाली जाते, त्याला बारीक फाटे फुटतात. भात, ज्वारी, मका, ऊस यांचे तंतुमूळ : खोडाच्या बुडातून सारख्या जाडीच्या मुळांचा झुपका. मका-ज्वारीच्या खालच्या पेऱ्यांतून निघणारी आधारमुळे आणि वडाच्या पारंब्या जमिनीवर असल्या तरी मुळेच आहेत.

रोप हिसकून उपटू नये. सोटमूळ मध्येच तुटते, वर राहिलेले फाटे तंतुमुळासारखे दिसतात आणि वहीत चुकीचे चित्र जाते. अथणीकडच्या काळ्या जमिनीत, वाळून घट्ट झाल्यावर, हे हमखास घडते. आदल्या संध्याकाळी बुडाशी पाणी घालावे, वीतभर अंतरावरून खुरप्याने माती सैल करावी आणि मातीच्या गड्ड्यासह रोप अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावे. माती आपोआप सुटते.

उगवण पाहण्यासाठी मूग आणि मक्याचे दाणे रात्रभर भिजवावेत. काचेच्या पेल्यात आतून टिपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे ठेवावेत. तळाशी बोटभरच पाणी असावे. दाणे पाण्यात बुडाले तर हवा न मिळून कुजतात. मक्याला सुरुवातीला एकच मूळ येते, म्हणून मुले त्याला सोटमूळ म्हणतात. ती मुलांची चूक नव्हे, प्रयोग लवकर थांबवल्याचा दोष आहे. झुपका दिसायला रोप आणखी आठ-दहा दिवस वाढू द्यावे लागते.

या घटकातली सर्वांत चिवट चुकीची समजूत म्हणजे ‘जमिनीखाली ते सगळे मूळ’. बेळगाव तालुक्यात बटाटा आणि रताळी दोन्ही पिकतात, त्यामुळे ती इथे शेतातच दूर करता येते. बटाटा हे खोड आहे : त्यावर डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यातून कोंब येतो. डोळा नसलेली फोड पेरली तर उगवत नाही. रताळे हे अन्न साठवून फुगलेले मूळ आहे. त्यावर असे डोळे नसतात, आणि लागवड सहसा वेलीचे तुकडे लावून करतात. कांदा उभा चिरला की खाली चपटी चकती दिसते. ती चकती खोड, तिच्याखालचे तंतू मुळे आणि वरचे मांसल पापुद्रे पानांचे बुंधे. बाजारात कानडीत बटाट्याला आलूगड्डे आणि कांद्याला उळ्ळागड्डी म्हणतात; मराठीतही आपण कांद्याचा, लसणाचा गड्डा म्हणतो. नावात ‘गड्डा’ आहे, पण यांतले एकही मूळ नाही. रताळ्याचे गेणसू हे नाव मात्र वेगळे पडते. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलांना ही खूण चटकन लक्षात राहते.

भुईमुगाची शेंग तर फळच आहे. पिवळे फूल कोमेजल्यावर त्यातून आरी, म्हणजे दांडीसारखा टोकदार भाग, निघते, ती मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग धरते. जमीन कडक असली तर आऱ्या आत शिरत नाहीत, म्हणून बुडाशी मातीची भर देतात. त्याच रोपाच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. मुले त्यांना रोग समजतात. त्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. गाठ नखाने फोडून पाहावी : आतून गुलाबी असली तर तिचे काम चालू आहे.