आंबोलीच्या ओढ्यात, दगडाखाली

आंबोलीच्या कड्यावर उभं राहिलं की 'पाणलोट' हा शब्द नकाशाशिवाय समजतो. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटरवर. कड्यावरून पश्चिमेला उतरलेलं पाणी तिकडेच जातं. पण घाटमाथ्यावर पूर्वेकडे पडलेला पाऊस हिरण्यकेशीतून घटप्रभेत, तिथून कृष्णेत जातो आणि थेट बंगालचा उपसागर गाठतो.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की आम्ही बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन इथल्या ओढ्यात उतरतो. सोबत जाळी, भिंग, पांढरा ट्रे आणि पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा मीटर. गुडघाभर पाण्यातून एक मुलगी मुठीएवढा दगड उचलते. खालच्या बाजूला चपटा, तीन शेपट्यांचा किडा चिकटलेला असतो. पोटाच्या कडेचे कल्ले सारखे थरथरत असतात. ही मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाची अळी. शेजारी वाळूच्या कणांची इवली नळी. ती कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळीने स्वतःच्या रेशमाने कण चिकटवून बांधलेली. मीटर फक्त या क्षणाचं पाणी सांगतो. अळ्या मात्र कित्येक आठवडे इथेच राहतात, त्यामुळे मधल्या काळात पाणी नासलं असेल तर ते त्यांच्या नसण्यावरून कळतं.

झाडांच्या दाट सावलीत शेवाळ फारसं वाढत नाही. मग ओढ्यातले जीव खातात काय? गळलेली पानं. बुरशी आणि जिवाणू ती मऊ करतात, किडे कुरतडतात, किड्यांवर मासे जगतात. म्हणजे काठचं झाड तोडलं की ओढ्याचं अन्नच तुटतं. शिवाय उघड्या उतारावरची माती वाहून येते, दगडांखालच्या फटी बुजवते आणि अळ्यांना घर उरत नाही.

हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाच्या देवळाचं कुंड आहे. तिथल्या छोट्या माशाचं 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नामकरण २०२० मध्ये झालं आणि २०२१ मध्ये २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ ठरला. मला याचा मनापासून आनंद आहे. पण त्या कुंडात येणारं पाणी २.११ हेक्टरांत मावणारं नाही. ते वरच्या रानात आणि जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पडतं, मुरतं आणि झिरपत खाली येतं. वर माती उघडी पडली तर गाळ वारसा स्थळाच्या हद्दीशी थांबणार नाही, थेट कुंडात उतरेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांना कुंडापाशी न थांबवता आम्ही वर, सड्यावर चालत नेतो.

पहिल्या दिवशी ओढ्यातून निघण्याआधी मात्र एक काम असतं. उचललेला प्रत्येक दगड होता त्याच जागी, तीच बाजू खाली ठेवून, हळूच परत बसवायचा.