होडीला वाकडंच लाकूड लागतं

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गिऱ्हाईक आधी काय बघतं, तर लाकूड सरळ आहे ना, गाठी नाहीत ना. लाकडी होडी बांधणारा मेस्त्री मात्र फासळ्यांसाठी (होडीच्या आतल्या कमानी, ज्यांवर फळ्या ठोकतात) वाकडी फांदी शोधत फिरतो आणि त्यामागे सरळसरळ फिजिक्स आहे. लाकूड तंतूंच्या लांबीत जेवढं मजबूत, तेवढं आडवं अजिबात नसतं, त्यामुळे सरळ फळीतून कमान कापली की तंतू मधेच तुटतात आणि लाट आपटली की नेमकं तिथेच तडकतं. बाभळीच्या वळलेल्या फांदीत झाडाने वजन पेलत पेलत तंतूच वळवून ठेवलेले असतात, मेस्त्रीला फक्त योग्य फांदी ओळखायची असते (आणि ते "फक्त" यायला अर्धं आयुष्य जातं).

आता फळ्यांचं बघू. पावसाळ्यात वाड्याचा दरवाजा फुगून अडकतो ना, होडी त्याच गोष्टीच्या जिवावर तरंगते! पाणी आधी लाकडाच्या पेशींच्या भिंतीत शिरतं आणि भिंती फुगतात, ओलावा साधारण 28-30 टक्क्यांवर गेला की त्या भरतात, पुढचं पाणी नुसतं पोकळ्यांत बसतं आणि फुगणं थांबतं. पूर्ण कोरड्यापासून तिथपर्यंत साग वाढवलयांच्या दिशेने पाचेक टक्के फुगतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्माच, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे फळी रुंद होते, लांब होत नाही, आणि शेजारच्या फळीवर दाबून बसते. मधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकलेला असतो, तो चेपला जातो आणि सांधा बंद. त्यामुळे उन्हाळाभर काठावर पडलेली होडी पाण्यात लोटली की आधी गळणारच, घाबरायचं नाही, एक-दोन दिवस भिजू द्यायची.

सागाचं एवढं कौतुक का, तर त्यातलं नैसर्गिक तेल आणि लोखंडाशी जमवून घेणं. ओकच्या लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) लोखंडी खिळे खातं, साग तसा त्रास देत नाही. मुंबईत वाडियांनी बांधलेलं सागाचं एचएमएस ट्रिंकोमाली हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. खिळ्यांची कटकटच नको तर फळ्या काथ्याने शिवायच्या, ही आपल्याकडची जुनी पद्धत, आणि 2025 मध्ये नौदलात आलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य असंच शिवलेलं आहे.

समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे शिपवर्म, नावात वर्म असलं तरी तो शिंपल्याचा भाऊबंद आहे, लाकूड पोखरतो आणि त्याच्या कल्ल्यांतले बॅक्टेरिया ते पचवायला एन्झाइम पुरवतात. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात तो नाही, पण म्हणून लाकडी होडी तिथे सुखात राहील असं नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, त्यामुळे कायम बुडालेला तळ बराच टिकतो आणि कुजतो तो पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा, किंवा पावसाचं पाणी आत साचतं तो कोपरा. समुद्रात निदान मीठ बुरशीला जरा आवरतं.

आणि कोरड्या होडीच्या फटी दिसल्या म्हणून त्यात एपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा गोंद) ठासून भरायचं हे तर अजिबात करू नका, कारण फळी ओली झाली की फुगणारच, तिला जागा उरली नाही की ती फासळ्यांवरचे खिळे सैल करते आणि मग होडी खरंच गळायला लागते.