कवडी

कवडी : (सं. कपर्दिका, वराटिका, क. कवडे, शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा). उष्ण समुद्रातील एक लहान गोगलगाय व तिचे कवच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला कवडी भेटते ती सौंदत्तीच्या यल्लम्माच्या माळेत किंवा देव्हाऱ्यात. जिवंत कवडी पाहिलेला घाटावर विरळाच.

कवच बहुधा २ ते ३ सेंमी., पिवळट-पांढरे, कडेला गाठी उठलेले. पोटाशी लांबट फट आणि फटीच्या दोन्ही ओठांना दाते. कोवळेपणी मात्र ते साध्या गोगलगायीसारखे पातळ, वेटोळ्याचे असते. वाढ पुरी होताना शेवटचे वेटोळे आधीच्या वेटोळ्यांना पोटात घेते, बाहेरचा ओठ आत वळतो, दाते येतात. पुढे कवडी जाड होते, लांब होत नाही. माळेतल्या कवडीची पाठ घासून काढलेली असेल तर त्या भोकातून डोकावून पाहावे, लपलेले वेटोळे दिसते. चकाकी कारागिराची नव्हे. जिवंतपणी अंगाच्या दोन मऊ झालरी दोन्ही बाजूंनी वर चढून कवच झाकतात आणि त्यावर मुलामा चढवत राहतात.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत ओहोटीच्या पट्ट्यात आणि प्रवाळखडकांवरच्या उथळ पाण्यात ती राहते. दिवसा दगडाखाली दडते, रात्री शेवाळ खरवडते. पूर्वी मोठा पुरवठा मालदीवचा. चौदाव्या शतकात तिथे राहिलेला इब्न बतूता लिहितो, की हे प्राणी खड्ड्यांत टाकून मांस कुजवत आणि उरलेली पांढरी कवचे तांदळाच्या बदल्यात बंगालला देत. कवडी नाणे म्हणूनही चाले : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक ‘पण’ (दोन्ही जुनी नाणी). टोमॅटो ‘कवडीमोल’ गेला म्हणताना हे विसरतेच : नाणे सर्वांत हलके, पण नाणे खरे.

मार्गशीर्ष आणि माघ पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर ‘उदं गं आई’च्या गजरात कवड्यांच्या माळा घातलेले जोगती-जोगतिणी (यल्लम्माला वाहिलेले भक्त) दिसतात. देवीला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, माळ राहिली. माळेत कवडी दात्यांची बाजू वर करून बसवतात. तिची सख्खी बहीण मोनेटारिया अॅन्युलस हिच्या पाठीवर नारिंगी कडे असते. पाठ खोल घासली की तेही जाते, मग ओळखायला कडेच्या गाठी तेवढ्या उरतात.